पातळ भाजी, लिंबू आणि एक अंडे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पारनेरकडच्या एका खेड्यातून तिशीची एक बाई सासूबरोबर दवाखान्यात आली. तक्रार एकच. जिना चढला की छाती धडधडते, दुपारनंतर अंगात काही उरत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत गुलाबीऐवजी पांढुरका रंग. जीभ गुळगुळीत, नखे ठिसूळ. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ निघाले.

मी सवयीने म्हणालो, "ताई, पालेभाजी खात जा."

ती चटकन म्हणाली, "डॉक्टर, भाजी तर रोज खाते की मी. रानात माठ हाये, शेपू हाये, मेथी हाये. आम्हाला काय इकत आणावी लागती?"

सासूबाईंनीही मान डोलावली. "खरंय डॉक्टर. एक दिस चुकत नाही भाजी."

वाचकहो, तीसएक वर्षे मी बायकांना 'पालेभाजी खा' हे दोन शब्द सांगत आलो आहे. औषधाच्या चिठ्ठीबरोबर ते आपोआप तोंडातून निघतात. त्या दिवशी प्रथमच मी पुढचा प्रश्न विचारला, "कशी करता भाजी? आणि कधी जेवता?"

उत्तर ऐकून माझी मलाच लाज वाटली. भाजी बारीक चिरायची, मग धुवायची, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडायची, पिळून हिरवे पाणी मोरीत ओतायचे आणि चोथा फोडणीला टाकायचा. सगळ्यांची जेवणे झाल्यावर दुपारी दोनला भाकरीबरोबर उरलेली भाजी खायची आणि लगेच वर कपभर चहा. चहाशिवाय जेवण झाल्यासारखे वाटतच नाही!

भाजी रोज होती. पण भाजीतले जे अंगाला लागायचे, त्यातले थोडे मोरीत गेले आणि बरेचसे चहाने अडवले. हे मी आधी कधी विचारलेच नव्हते. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आकडा काय सांगतो?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे तो कमी होण्याऐवजी वाढला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते ८ च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय. आमच्या पारनेरच्या ताई त्या पायरीवर होत्या.

हा आजार सावकाश येतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. 'बाईच्या जातीला थकवा असायचाच' असे म्हणून घरचे मोकळे होतात. पण रक्तक्षय असलेल्या मातेला बाळंतपणातला रक्तस्राव सोसत नाही, तिचे मूल कमी वजनाचे जन्मू शकते, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीचे अभ्यासात लक्ष लागत नाही. हा नुसता थकवा नव्हे.

पानातले लोह असे वागते

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम, हिरव्या माठात आणि शेवग्याच्या पाल्यात साडेचारच्या आसपास, तर मेथीत साडेपाचहून थोडे अधिक लोह असते. म्हणजे ज्या पालकाचा एवढा डंका आहे, तो आपल्या मेथीच्या आणि शेवग्याच्या मागेच आहे.

आता हिशेब करू. एका जुडीची निवडून साधारण पाव किलो माठाची भाजी होते. त्यात अकरा-साडेअकरा मिलिग्रॅम लोह. चार माणसांत वाटले तर प्रत्येकाला तीनही नाही. प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. म्हणजे एका वाटीने गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा भागतो. बाकीचे भाकरीतून, डाळीतून, उसळीतून यायचे.

त्यातही पोटात गेलेले सगळे लोह रक्तात उतरत नाही. मटण, मासळी, कलेजी यांतले लोह शरीर चटकन उचलते. धान्य-भाजीतले लोह हट्टी असते. शंभर भागांतले पाच-दहा भागच आत जातात. त्याला सोबत चांगली मिळाली तर जास्त जाते, वाईट मिळाली तर तेवढेही नाही.

चांगली सोबत म्हणजे 'क' जीवनसत्त्व. ते लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवते आणि आतड्याला घेता येईल असे करते. वाईट सोबत म्हणजे चहा-कॉफीतला तुरट अंश. जेवणाबरोबर घेतलेला चहा भाजी-भाकरीतल्या लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक कमी करू शकतो. म्हणून जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. चहा बंद करा असे मी म्हणत नाही. नगर जिल्ह्यात ते सांगून कोणी ऐकणारही नाही. फक्त त्याची वेळ बदला.

जहाजावरच्या डॉक्टराची गोष्ट

माझा एक वर्गमित्र बरीच वर्षे व्यापारी जहाजावर डॉक्टर होता. निवृत्त झाल्यावर तो आमच्याकडे दोन दिवस राहायला आला. बोलता बोलता ग्रीस देशातल्या पिरेअस बंदरात खाल्लेल्या एका सारासारख्या पदार्थाचे वर्णन करू लागला. तिकडे त्याला 'अवगोलेमोनो' म्हणतात. 'अवगो' म्हणजे अंडे आणि 'लेमोनी' म्हणजे लिंबू. कोंबडीच्या आळणी पाण्यात थोडा भात शिजवतात. वेगळ्या भांड्यात अंडे आणि लिंबाचा रस फेटतात. त्यात गरम पाणी पळीपळीने घालतात आणि मग ते सगळे पातेल्यात परत ओततात. सार दाट, पिवळसर आणि आंबट होते. त्यात मलई नसते, दूधही नसते.

ईस्टरचा मोठा उपवास तिकडे मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर सुटतो. त्या वेळी जे सार पितात, त्याचे नाव 'मागिरित्सा'. त्यात कोकराचे काळीज वगैरे असते, आणि त्याच्या जोडीला कांद्याची पात, शेपू आणि सॅलडची हिरवी पाने. शेवटी तेच अंडे-लिंबू. शेपू ऐकून माझे कान टवकारले.

माझी पत्नी स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "यात नवीन ते काय? आपण ताकातला चाकवत करतो तोच हा. ताकाच्या जागी अंडे, डाळीच्या पिठाच्या जागी भात."

ती बरोबर बोलली. ताक उकळले की फुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणून आपण ताकात आधी डाळीचे पीठ कालवतो आणि मगच ते भाजीत ओतून ढवळत राहतो. पिठातला पिष्टमय अंश ताकातल्या प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाही. ग्रीसमधली बाई भाताच्या पेजेचा तोच उपयोग करते. दोघींनी कधी एकमेकींना पाहिले नाही, पण दोघींची युक्ती एकच.

मग मनात आले की आपल्या पातळ भाजीचे पाणी टाकून न देता, त्यातच लिंबू आणि अंडे घातले तर? भाजीचे पाणी पोटात जाईल, अंड्याची प्रथिने मिळतील आणि लिंबाची सोबतही होईल. आमच्या घरी चार-पाच वेळा बिघडवून आम्ही ते बसवले. तीच कृती देतो.

अंडे-लिंबाची पातळ पालेभाजी (चार माणसांसाठी)

साहित्य : निवडलेली पालेभाजी पाव किलो (माठ, राजगिरा, पालक किंवा शेवग्याचा कोवळा पाला, त्यात मूठभर शेपू असल्यास उत्तम). मुगाच्या डाळीचे शिजवून घोटलेले पातळ पाणी पाच-सहा कप. घरी कोंबडी किंवा मटण झाले असेल तर त्याचे आळणी पाणी त्याहून चांगले. दोन अंडी. तांदळाची पिठी दोन सपाट चमचे. दोन लिंबे. लसणाच्या सात-आठ पाकळ्या, जिरे, एक-दोन हिरव्या मिरच्या, दोन चमचे तेल, मीठ.

कृती : भाजी आधी धुवा, मग चिरा. उलटे करू नका, कारण चिरलेल्या भाजीतले सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. तीन पाण्यांतून धुवावी. पहिले पाणी मिठाचे असावे.

तेलात जिरे, ठेचलेला लसूण आणि मिरची घाला. लसूण तांबूस झाला की भाजी टाकून दोन मिनिटे परता. मग डाळीचे किंवा आळणी पाणी आणि मीठ घालून, झाकण ठेवून पाच-सात मिनिटे शिजू द्या. शेवग्याच्या पाल्याला थोडा जास्त वेळ लागतो.

तेवढ्यात एका खोलगट भांड्यात तांदळाची पिठी दोन-तीन चमचे थंड पाण्यात गुठळी न होता कालवा. त्यात अंडी फोडून चांगली फेटा. आता महत्त्वाची पायरी. पातेल्यातले गरम पाणी पळीने अगदी थोडे घेऊन धार धरून या अंड्यात घाला आणि दुसऱ्या हाताने फेटत राहा. अशा तीन-चार पळ्या घाला. गरम पाणी अंड्यात जायचे, अंडे गरम पाण्यात नाही. एवढे लक्षात ठेवले तर भाजी बिघडत नाही. अंड्याला एकदम चटका बसला की त्याच्या चिंध्या होतात. हळूहळू ऊब मिळाली की ते गपगुमान दाट होते.

आता हे मिश्रण पातेल्यात ओता आणि मंद आंचेवर तळापासून ढवळत राहा. दाटपणा येईल. कडेने बुडबुडे फुटून एक-दोन उकळ्या आल्या की उतरवा. ग्रीक कृतीत सार उकळू देत नाहीत. पण तिथे अंड्याला पिठीचा आधार नसतो. आपण पिठी घातली आहे, म्हणून उकळी सोसते. डॉक्टर म्हणून मला ही उकळी हवीच आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

उतरवून पाच मिनिटे थांबा आणि मग लिंबू पिळा. लिंबू ताटात वाढल्यावर पिळले तर सर्वांत चांगले. आंबट घालून भाजी पातेल्यात ठेवली की पानांचा हिरवा रंग मरून शेवाळी होतो. आणि 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, म्हणून लिंबू फोडणीत किंवा उकळीत घालणे म्हणजे त्याची फक्त आंबट चव घेणे आणि गुण सोडणे.

बाजरीच्या गरम भाकरीबरोबर किंवा मऊ भातावर ही भाजी छान लागते. उरवू नका. थोडी करा आणि ताजी संपवा.

बिघडलीच तर? अंड्याचे कण दिसू लागले तर घाबरू नका. ती खायला वाईट नाही, फक्त दिसायला तशी आहे. रवीने घुसळून घ्या आणि वाढा. आमच्या घरी पहिल्या दोन वेळा असेच झाले होते.

अंडे कशासाठी, कशासाठी नाही

अंड्यातही लोह आहे, असे लोक सांगतात. आहे, पण पिवळ्या बलकातला एक प्रथिनांश ते लोह घट्ट धरून ठेवतो आणि शेजारच्या लोहालाही थोडे अडवतो. म्हणून अंडे लोहासाठी खायचे नाही. ते खायचे उत्तम प्रतीच्या प्रथिनांसाठी (एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम), 'अ' जीवनसत्त्वासाठी आणि थोड्या 'बी-१२' साठी. रक्ताच्या तांबड्या पेशी नीट तयार व्हायला लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ ही लागते. फॉलिक अ‍ॅसिड पानात भरपूर असते आणि भाजी उकडून पाणी फेकले की त्यातला मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो. बी-१२ मात्र पानात नसते. ते दूध, अंडी, मांस, मासळी यांतूनच येते. पान आणि अंडे अशी जोडी यासाठी चांगली. अंडे लोहाला थोडे अडवते म्हणूनच त्यात लिंबू हवेच.

आता उकळीचे कारण. कच्च्या अंड्यात किंवा त्याच्या कवचावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब, उलट्या, ताप येतो. गरोदर स्त्री, लहान मूल आणि म्हातारी माणसे यांना ते जड जाते. अन्न आतपर्यंत ७० अंशांच्या वर तापले की हे जंतू मरतात. म्हणून अर्धे कच्चे अंडे नको. तडकलेले अंडे घेऊ नका आणि अंडे फोडल्यावर हात साबणाने धुवा.

एका लिंबात किती?

इथे मला प्रामाणिक राहिले पाहिजे. आपल्या कागदी लिंबाचा रस चार-पाच चमचे निघतो. त्यात 'क' जीवनसत्त्व साधारण दहा मिलिग्रॅम. लोहाला खरा जोर द्यायला एका जेवणात निदान पंचवीस-तीस मिलिग्रॅम हवे. म्हणून लिंबाला जोडीदार हवा. मूठभर ताजी कोथिंबीर, कच्चा टोमॅटो किंवा जेवणानंतर अर्धा पेरू. पेरूत आणि आवळ्यात 'क' जीवनसत्त्व लिंबाच्या कितीतरी पट आहे.

आणि आपला जिल्हा या बाबतीत श्रीमंत आहे. श्रीगोंदा तालुक्यातली लिंबे दूरदूरच्या बाजारांत जातात. राहात्याचे पेरू प्रसिद्ध आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कागदी लिंबाचे 'साई सरबती' हे वाण दिले. घरच्या बागेतले लिंबू ट्रकने परगावी जाते आणि घरातल्या बाईच्या ताटात फोड नसते, असे मी पाहिले आहे. उन्हाळ्यात लिंबू महागते, तेव्हा पेरू नसला तर कैरीची फोड चालते.

चिंच आणि आमसूल आंबट असले तरी त्यांत 'क' जीवनसत्त्व फारसे नाही. चवीला घाला, पण लिंबाचे काम ती करणार नाहीत.

भाकरीही लोहाची

बाजरीत १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह आहे. दोन भाकरींत सहज नऊ-दहा मिलिग्रॅम होते. लोहाचे प्रमाण वाढवलेले 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण २०१२ साली महाराष्ट्रात आले. त्याच्या निर्मितीत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर आपले राहुरीचे विद्यापीठही होते. भाकरीतले लोहही हट्टीच आहे, पण लिंबू पिळलेल्या भाजीबरोबर खाल्ले की त्यालाही सोबत मिळते. एकच फोड ताटातल्या दोन्ही पदार्थांना उपयोगी पडते.

कोरडी भाजी लोखंडी कढईत करावी. त्यातून थोडे लोह अन्नात उतरते. अंडे-लिंबाची भाजी मात्र स्टीलच्या पातेल्यात करा. लोखंडात ती काळी पडते आणि चवीला कळकते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कोणताही आंबट पदार्थ करू नये.

रानातल्या भाज्या विसरू नका

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. देशी बियाणे त्यांनी आपल्या मातीच्या घरात जपले आणि गावोगाव वाटले. त्यांच्या आसपासच्या डोंगरात पहिल्या पावसानंतर कुरडू, टाकळा, भारंगी अशा कितीतरी भाज्या उगवतात. दक्षिणेकडच्या दुष्काळी तालुक्यांतही तांदुळजा, घोळ, चिवळ बांधावर फुकट मिळते. जुन्या बायकांना त्या ओळखता येतात, सुनांना येत नाहीत. ही ओळख पुढे गेली पाहिजे. मात्र जी भाजी घरातल्या जाणत्या माणसाने ओळखलेली नाही ती तोडू नये. आणि तणनाशक मारलेल्या रानातली तर मुळीच नको.

राज्य सरकारने २०१५ साली आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांसाठी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात एका वेळच्या गरम जेवणाच्या ताटात पालेभाजी आणि अंडे (न खाणाऱ्यांना केळे) शेजारी शेजारी ठेवले गेले. मी सांगतो ते काही जगावेगळे नाही.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

*आमच्या घरी माळ आहे, अंडे चालत नाही. काय करावे?*
दोन अंड्यांऐवजी तीन चमचे डाळीचे पीठ पाण्यात कालवून घाला, नीट शिजवा आणि वर लिंबू पिळा. ताकातली भाजीही चांगली, पण ताकातल्या कॅल्शियममुळे लोह थोडे कमी घेतले जाते. रक्त कमी असलेल्या व्यक्तीने ताक-दूध दुसऱ्या वेळी घ्यावे. अंडे-मांस न खाणाऱ्यांनी बी-१२ कडे लक्ष द्यावे.

*मुतखडा असेल तर?*
पालक, माठ, चुका यांत ऑक्झलेट जास्त असते. ज्यांना त्या प्रकारचा खडा झाला आहे त्यांनी या भाज्या कमी खाव्या आणि त्यांचे उकडलेले पाणी टाकून द्यावे. मेथी त्यांना अधिक सोयीची. बाकीच्यांनी पाणी टाकू नये.

*रोज अंडे खाल्ले तर हृदयाला अपाय?*
निरोगी माणसाला रोज एका अंड्याने सहसा अपाय होत नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

*कोणी जपून राहावे?*
रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पालेभाजी किती खावी हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

भाजी म्हणजे औषध नव्हे

हे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. हिमोग्लोबिन ७ किंवा ८ असलेल्या बाईला नुसत्या भाजीवर ठेवणे चूक आहे. पाळीत फार रक्त जाते का, पोटात जंत आहेत का, मूळव्याध आहे का, हे पाहावे लागते. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. गरोदर स्त्रीला या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि त्या १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्या, चहा किंवा दुधाबरोबर नको. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. मळमळ झाली तर गोळी रात्री झोपताना घ्या, पण सोडू नका. हिमोग्लोबिन सुधारले तरी पुढे तीन महिने गोळी चालू ठेवायची, कारण तेव्हा कुठे शरीरातला लोहाचा साठा भरतो. भाजी, भाकरी आणि लिंबू तो साठा पुन्हा रिकामा होऊ नये म्हणून.

पारनेरच्या त्या ताईंना मी गोळ्या दिल्या, पाळीचा इलाज केला आणि चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहिल्या : 'भाजीचे पाणी फेकायचे नाही. चहा तासाभराने.' सासूबाईंना अक्षरे येत नव्हती, म्हणून त्यांना मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणालो, "आजी, आणखी एक. हिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. शेवटी बसली की पातेल्यात नुसता रस्सा उरतो."

आजी काही बोलल्या नाहीत. मला वाटले, राग आला असावा.

तीन महिन्यांनी दोघी परत आल्या. हिमोग्लोबिन ११.२. त्यातले मुख्य श्रेय गोळ्यांचे आहे, हे मी स्पष्ट सांगतो. ताई म्हणाल्या, "अंड्याची भाजी पोरांना आवडती. पण डॉक्टर, पयल्यांदी तिच्या पार चिंध्या झाल्या व्हत्या." मग आजींनी खाली मान घालून सांगितले, "आता तिचं ताट माझ्या संगट वाढती मी."

तेव्हापासून मी 'पालेभाजी खा' असे नुसते सांगत नाही. कशी करता, कशाबरोबर खाता आणि कितव्या पंगतीला बसता, हे तीन प्रश्न आधी विचारतो. वाचकांनी आज घरात हेच तीन प्रश्न विचारावेत. आणि या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन घरातल्या बायका-मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बोटातून रक्ताचा एक थेंब द्यायला मिनिटभरही लागत नाही.